धौलीची शिळा काय बोलते?

भुवनेश्वर-पुरीची सहल करून आलेली आपली मंडळी धौलीच्या टेकडीवरील पांढऱ्याशुभ्र शांतिस्तूपाचे फोटो कौतुकाने दाखवतात. पण 'खालची शिळा पाहिली का?' असे विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. स्तूप जपानी बौद्ध बांधवांच्या पुढाकाराने १९७२ साली उभा राहिला. शिळा सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची, आणि ती तर वाटेवरच आहे. आम्हीही पहिल्या खेपेस थेट वर गेलो आणि उतरताना शिळेपाशी थांबलो, हे कबूल केलेले बरे.

भुवनेश्वरच्या दक्षिणेला, दया नदीजवळ हे ठिकाण आहे. खडकाची एक बाजू तासून गुळगुळीत केली आहे आणि त्यावर ब्राह्मी लिपीत सम्राट अशोकाचे लेख कोरले आहेत. त्यांच्या वर, त्याच पाषाणातून हत्ती बाहेर पडताना दिसतो. पुढचे अर्धे अंग तेवढे घडवलेले.

या खडकाला लोक अश्वत्थामा म्हणत. महाभारतात त्या नावाचा हत्ती मारला जातो, त्यावरून हे नाव पडले असावे असे आम्हाला वाटते. १८३७ साली मार्कहॅम किटो या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेख उजेडात आणले. वर्षातून एक दिवस या हत्तीला शेंदूर फासून गणपती म्हणून पुजतात, असे तेव्हा त्यांना सांगण्यात आले. आपल्याकडे नाशिकची बौद्ध लेणी पांडवलेणी झाली, त्यातलाच हा प्रकार. अक्षरे वाचणारे उरले नाहीत की दगडाला दुसरेच नाव मिळते. वास्तविक इथल्या सहाव्या लेखाच्या शेवटी 'सेतो', म्हणजे श्वेत, असा शब्द कोरलेला आहे. महामायेच्या स्वप्नातील पांढरा हत्ती आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक आहे!

किटो पुढे मजकूर ताडून पाहायला पुन्हा गेले, तेव्हा उजाडेपर्यंत थांबावे लागले. आदल्या वर्षी त्यांनी मारलेल्या अस्वलीची पिले मोठी होऊन तिथेच वावरत होती! कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी ही लिपी उलगडली आणि शिळा बोलू लागली.

आता लोककथा अशी, की कलिंगच्या युद्धात दया नदी रक्ताने लाल झाली आणि ते पाहून राजाचे मन पालटले. म्हणून आपण समजतो की तो पश्चात्ताप या शिळेवर कोरलेला असणार. तो इथे नाही! एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, हे सांगणारा तेरावा लेख गिरनारला आहे, पार वायव्येला शाहबाजगढीला आहे, धौलीला नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्यासमोर तो आकडा कोरणे राजाला जड गेले असेल काय? की ती जखम पुन्हा उघडी करायची नव्हती? आम्हाला दुसरे कारण अधिक पटते, पण वाचकांनी आपापला विचार करावा.

अकरा, बारा आणि तेरा हे लेख गाळून इथे दोन वेगळेच लेख कोरले आहेत. पहिला तोसलीच्या न्याय पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. सगळी माणसे माझी लेकरे आहेत, असे राजा म्हणतो आणि लगेच कामाचे बोलतो. कोणाला विनाकारण कैद होते, कोणाचा छळ होतो, तिकडे लक्ष द्या. मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, सवयीचा अभाव, आळस आणि थकवा, हे दोष असले की न्याय होत नाही. अधिकारी नीट वागतात की नाही हे पाहायला दर पाच वर्षांनी माणूस पाठवीन, असेही बजावले आहे. थकवासुद्धा दोषात धरणारा हा राजा आम्हाला फार जवळचा वाटतो. वस्तीतला पोरगा संशयावरून कोठडीत गेला आणि साहेबांना वेळ नाही म्हणून तारीख पुढे ढकलली, हे ज्या घराने सोसले आहे त्याला या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आजही आपल्या तुरुंगांत शिक्षा झालेल्यांपेक्षा निकालाची वाट पाहणारेच अधिक आहेत.

हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवावा, अशी आज्ञा शिळेवरच आहे. मधल्या दिवसांतही वाचावा, ऐकायला एकच माणूस असला तरी.