विश्लेषण : सौर उद्रेकाला बाजूने पाहणारा ‘डोळा’ का हवा?

मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथून रात्रीच्या आकाशात लाल आभा दिसली. तिची छायाचित्रे मोबाइलवर भरपूर फिरली. ते दोन दशकांतील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ होते. कारण होते सूर्यावरून एकापाठोपाठ एक सुटलेले ‘कोरोनल मास इजेक्शन’ म्हणजे सीएमई. अशा मोठ्या उद्रेकात अब्जावधी टन भारित वायू चुंबकीय क्षेत्रासह बाहेर फेकला जातो.

समोरून पाहण्यात अडचण काय?

सूर्याची तबकडी झाकून भोवतीचा अंधूक प्रभामंडल टिपणाऱ्या दुर्बिणीला कोरोनाग्राफ म्हणतात. तिचे चित्र सपाट असते. पृथ्वीच्या दिशेने निघालेला उद्रेक त्यात सूर्याभोवती फुगणाऱ्या कड्यासारखा दिसतो. हे कडे आपल्याकडे धावत आहे की नुसते आडवे पसरत आहे, हे एका जागेवरून नीट कळत नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचा वेग केवळ दिव्यांवरून ओळखण्यासारखेच हे. म्हणजे ज्या उद्रेकाची धास्ती, त्याचाच वेग मोजणे सर्वांत अवघड.

यावर उपाय म्हणून ‘नासा’ने २००६ मध्ये स्टिरिओ यानांची जोडी सोडली. एक यान पृथ्वीच्या पुढे, दुसरे मागे. एकाच वेळच्या वेगवेगळ्या कोनांतील चित्रांवर शास्त्रज्ञ क्रोसाँ पावासारखा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता सांगाडा बसवतात. त्यातून उद्रेकाची दिशा, रुंदी आणि वाढ कळते.

मग अडले कुठे?

२०१४ मध्ये यातील एका यानाशी संपर्क तुटला. उरलेले यान फिरत फिरत ऑगस्ट २०२३ मध्ये सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये आले. त्यामुळे मे २०२४ च्या वादळावेळीही ते पृथ्वीच्याच बाजूला होते. युरोपचे सोलर ऑर्बिटर सूर्याभोवती फिरते. ते हव्या त्या वेळी बाजूला असेलच असे नाही.

आपले आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. पुण्याच्या ‘आयुका’ची ‘सूट’ दुर्बीण त्यावर आहे. उद्रेकाची सुरुवात टिपण्यात हे यान मोलाचे, पण तेही सूर्य-पृथ्वी रेषेवरूनच पाहते. ‘आता सौरवादळ आधीच कळणार’ हा गाजावाजा म्हणूनच अर्धाच खरा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तुलनेने सौम्य वादळानेही नुकतेच सोडलेले सुमारे ४० स्टारलिंक उपग्रह गमावले गेले. बाजूने पाहणारे युरोपचे ‘व्हिजिल’ यान २०३१ मध्ये सोडण्याचे नियोजन आहे. ‘इस्रो’ने आदित्यची पुढची मोहीम आखताना तिला या रेषेबाहेरची जागा द्यायला हवी.