इंटरप्टचा निर्णय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

गॅसवर दूध ठेवलं की समोर उभं राहावं लागतं. कुकर लावला की दुसऱ्या खोलीत जाऊन बसता येतं, शिट्टी झाली की कळतं. इंटरप्ट म्हणजे काय, हे आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला सांगताना मी गेली कित्येक वर्षं हेच उदाहरण देत आलोय. प्रोसेसर आपलं काम करत असतो. नेटवर्क कार्ड, डिस्क किंवा एखादा सेन्सर शिट्टी देतो. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवून ड्रायव्हरमधलं ठरलेलं फंक्शन चालवतो आणि परत येतो. इथपर्यंत सोपं आहे. पण शिट्टी कुठल्या प्रकारची, किती, आणि कोणाच्या खोलीत ऐकू जाणार, हे ठरवायचं असतं. माझी तक्रार अशी की बहुतेक ठिकाणी ते कोणी ठरवतच नाही. मागच्या ड्रायव्हरमधून चार ओळी उचलल्या जातात आणि काम चाललं की विषय संपतो.

एका जुन्या नोकरीत मला याचा चांगलाच धडा मिळाला. मोजमाप करणारं एक पीसीआय कार्ड होतं. ते मोजलेले आकडे डीएमएने थेट मेमरीत टाकायचं आणि मग इंटरप्ट द्यायचं. दिवसातून एखाद-दोन वेळा आकड्यांच्या एका तुकड्यात मागच्याच फेरीचे आकडे यायचे. क्रॅश नाही, एररही नाही. ग्राहक म्हणायचा तुमचं यंत्र खोटं बोलतं, आणि आम्ही म्हणायचो तुमची जोडणी सैल आहे. तीन आठवडे आम्ही सेन्सर, केबल, वीजपुरवठा, सगळ्यांवर संशय घेतला.

कारण निघालं ते असं. त्या काळच्या पीसीआयमध्ये इंटरप्ट ही एक वेगळी तार असते. आकडे मात्र बसवरून, मधल्या ब्रिजच्या बफरमधून मेमरीकडे जातात. म्हणजे सामान मालगाडीने आणि निरोप फोनने! निरोप आधी पोचला, ड्रायव्हरने मेमरी उघडून पाहिली, तर सामान अजून ब्रिजमध्येच अडकलेलं. यावरचा उपाय जुना आहे: मेमरीला हात लावण्याआधी कार्डाचं एक रजिस्टर वाचायचं. बसच्या नियमांप्रमाणे त्या वाचनाचं उत्तर आधी निघालेल्या लिखाणांना ओलांडून पुढे येऊ शकत नाही, त्यामुळे उत्तर हातात आलं म्हणजे सामानही पोचलं. आमच्या आधीच्या कोणीतरी हेच वाचन काढून टाकलं होतं. ही तार दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेतलेली नाही, मग स्टेटस रजिस्टर कशाला वाचायचं, असा त्याचा हिशेब. बसवरचं वाचन हळू असतं हेही खरंच. हिशेब चुकीचा नव्हता, अर्धवट होता.

ही तार वाटून घेण्याची भानगड वेगळी. पीसीआयच्या स्लॉटला इंटरप्टच्या चारच तारा, त्यामुळे चाळीत चार बिऱ्हाडांना मिळून एक बेल असावी तशी गत. बेल वाजली की प्रत्येकाने उठून पाहायचं आणि आपल्यासाठी नसेल तर तसं सांगायचं. कोणीच हो म्हणालं नाही तर लिनक्स बराच वेळ वाट बघतं, आणि १,००,००० पैकी ९९,९०० पेक्षा जास्त वेळा कोणी दाद दिली नाही तर ती तारच बंद करून टाकतं. मग शेजारच्या निरपराध कार्डाचंही काम थांबतं. शिक्षा भलत्यालाच.

एमएसआयने हे दोन्ही प्रश्न मिटवले. तिथे इंटरप्टसाठी वेगळी तार नसतेच. कार्ड एका ठरावीक पत्त्यावर एक छोटं लिखाण करतं आणि तोच इंटरप्ट. तो आकड्यांच्याच वाटेने, त्यांच्यामागून येतो, त्यामुळे निरोप सामानाच्या पुढे जात नाही. बेलही कोणाबरोबर वाटून घ्यावी लागत नाही. साध्या एमएसआयमध्ये एका उपकरणाला जास्तीत जास्त ३२ इंटरप्ट मिळतात, एमएसआय-एक्समध्ये २,०४८, आणि प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. म्हणूनच एनव्हीएमई डिस्क किंवा मोठं नेटवर्क कार्ड प्रत्येक कोअरला आपापली रांग आणि आपापला इंटरप्ट देऊ शकतं.

मग सरसकट एमएसआय-एक्स का नको? नवीन कार्डावर, जिथे रांगा अनेक आहेत, तिथे माझा कौल त्यालाच आहे. पण सेकंदाला दहा वेळा काहीतरी कळवणाऱ्या उपकरणासाठी चौसष्ट इंटरप्ट मागणारे ड्रायव्हरही मी पाहिलेत. एक्स८६वर एका कोअरला २५६ व्हेक्टर, त्यातले पहिले ३२ प्रोसेसरने स्वतःसाठी राखलेले, शिवाय कर्नलचे काही. फुकटचं म्हणून दोन ताटं वाढून घ्यावीत आणि पंगतीत शेवटच्याला काही उरू नये, असा तो प्रकार.

दुसरं टोक म्हणजे इंटरप्टच नको असण्याची वेळ. दहा गिगाबिटच्या जोडणीवर सर्वांत लहान पॅकेट सेकंदाला जवळजवळ १ कोटी ४९ लाख येऊ शकतात, म्हणजे एकेकासाठी ६७ नॅनोसेकंद. प्रत्येकाने शिट्टी मारली तर प्रोसेसर दार उघडण्यातच दमेल आणि आलेल्या पाहुण्याला पाणीसुद्धा विचारणार नाही. मोगल आणि रामकृष्णन यांनी १९९६ साली या अवस्थेवर निबंध लिहून उपायही सुचवले होते. लिनक्समधलं नापी त्याच विचाराचं: पहिला इंटरप्ट आला की पुढचे बंद करायचे, रांग संपेपर्यंत स्वतः डोकावत राहायचं, रिकामी झाली की इंटरप्ट पुन्हा चालू. दूध उतू जायच्या बेतात आलं की शिट्टीची वाट कोणी बघत नाही. पोलिंगला नाक मुरडणारे इंजिनियर मला म्हणूनच पटत नाहीत. डीपीडीके तर अख्खा कोअर त्यालाच जुंपतं. वीज जाते, पण कशासाठी जाते ते माहीत असतं.

छोट्या बोर्डांवरची चूक वेगळीच. आयस्क्वेअरसीवरचा सेन्सर, त्याची इंटरप्टची एक तार, आणि ड्रायव्हरने ती कडेवर, म्हणजे पातळी बदलण्याच्या क्षणावर, लावलेली. आधीचा आकडा वाचून होतो न होतो तोच नवा आला तर तार खालीच राहते, नवी कड येतच नाही, आणि सेन्सर कायमचा मुका. प्रयोगशाळेत हे दिसत नाही, ग्राहकाच्या घरी दिसतं. सेन्सर वाचेपर्यंत तार धरून ठेवत असेल तर इंटरप्ट पातळीवरच घ्यावा. शिवाय आयस्क्वेअरसीचं वाचन थांबून राहणारं असतं, ते इंटरप्टच्या मूळ फंक्शनमध्ये करता येत नाही. त्यासाठी २००९ पासून, २.६.३० आवृत्तीपासून, लिनक्समध्ये थ्रेडवर चालणारा इंटरप्ट आहे. काम पूर्ण होईपर्यंत ती तार मिटून ठेवण्याची सोयही त्यात आहे.

इंटरप्टला घाबरणं यात कमीपणा नाही. १९५७ साली नेदरलंड्समध्ये लूपस्ट्रा आणि शोल्टन यांनी एक्स-१ यंत्रात इंटरप्ट घालायचं ठरवलं, तेव्हा खुद्द डायक्स्ट्रांनी काही महिने निर्णय लांबवला होता. पुन्हा घडवून दाखवता न येणाऱ्या चुकांची त्यांना धास्ती होती. शेवटी, हे जमवेल तर तुम्हीच, अशी स्तुती करून त्यांना राजी केलं गेलं, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. आणि १९५९ चा त्यांचा प्रबंध याच यंत्राच्या संवादावर होता.

आज लिनक्सच्या ४.८ आवृत्तीपासून एकच फंक्शन आधी एमएसआय-एक्स, मग एमएसआय, मग जुनी तार असा क्रम स्वतःच लावून देतं. सोय उत्तम, पण त्यामुळे आपण काय निवडलं हेच ड्रायव्हर लिहिणाऱ्याला माहीत नसतं, आणि तिसरी पायरी कधी कोणी चालवून पाहिलेली नसते. कर्नल बूट करताना एमएसआय बंद ठेवता येतं, एक ओळ टाकायची असते. मी आता प्रत्येक ड्रायव्हर एकदा तरी तसा रात्रभर चालवतो. आणि जुन्या तारेवर तो चालायलाच नको असेल, तर ती पायरी यादीतून काढून टाकतो. ग्राहकाला खोटे आकडे देण्यापेक्षा ड्रायव्हरने लोड व्हायला नकार दिलेला मला चालतो. त्यावर आमच्या विक्री विभागाशी माझं अजून भांडण चालू आहे.