टपालाची टवाळी

आमच्या मंडळाच्या गेल्या सभेत एक प्रस्ताव हास्यात विरला. मांडणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक, मुलाच्या नेमणुकीमुळे या परप्रांतात राहावयास आलेले. मागणी इतकीच, की अणुयुद्धाची भाषा हल्ली फार सहजपणे बोलली जाते, तिच्याविरुद्ध प्रत्येक सभासदाने येथील वृत्तपत्रास एक पत्र लिहावे, आणि तेही येथील भाषेत. एका वरिष्ठांनी विचारले, "पत्रांनी बॉम्ब थांबतात काय?" दुसऱ्यांनी आचरण नियमांकडे बोट दाखविले. तेवढ्यात चहा आला. आम्हीही हसलो होतो. म्हणूनच हे लिहिणे भाग पडले.

१९६१ च्या सप्टेंबरात सोव्हिएत रशियाने थांबविलेल्या अणुचाचण्या पुन्हा सुरू केल्या आणि अमेरिकाही त्याच वाटेने निघाली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये डॅगमार विल्सन या, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या बाईंनी काही मैत्रिणींना घरी बोलाविले. त्यांच्यापाशी कचेरी नव्हती, निधी नव्हता. होत्या त्या पत्त्यांच्या वह्या आणि नाताळच्या शुभेच्छापत्रांच्या याद्या. पत्रामागून पत्र गेले, आणि १ नोव्हेंबर रोजी सुमारे ६० शहरांतील स्त्रिया घरकाम टाकून रस्त्यावर आल्या. संख्या ५० हजार होती असे संघटक सांगत. आम्ही कारकून, तेव्हा त्या आकड्याखाली आमची सही नको. परंतु त्या दिवशी एकाच मजकुराची दोन पत्रे रवाना झाली, एक केनेडींच्या पत्नीस आणि एक ख्रुश्चॉव्ह यांच्या पत्नीस, आणि दोघींचीही उत्तरे आली, हे निश्चित.

या पत्रांत असे काय होते? सिद्धान्त फारसे नव्हते, दूध होते. अणुस्फोटातून उडणारे स्ट्राँशियम-९० गवतावर पडते, गाईच्या पोटात जाते, दुधात उतरते आणि कॅल्शियमचा भाऊ शोभावा तसे मुलांच्या हाडांत व दातांत जाऊन बसते. सेंट लुईस शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात पाकिटांतून मागविले जात होते. आपण जो दात कौलावर भिरकावला, तो तेथील आयांनी जन्मतारखेसह टपालात टाकला. १९७० पर्यंत असे सुमारे ३ लाख २० हजार दात जमले. दात पाठविणाऱ्या मुलास एक बिल्ला मिळे. ज्या आईने स्वतःच्या मुलाचा दात पाकिटात घातला, तिला वृत्तपत्रास काय लिहावे हे कोणी शिकवावे लागले नाही.

वृत्तपत्रांनी त्यांस 'गृहिणी' म्हणून कौतुकाने थोडे खाली बसविले. त्यांनी तीच पदवी शस्त्रासारखी वापरली. १९६२ च्या डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसच्या देशविरोधी कारवायांच्या समितीने त्यांना चौकशीस बोलाविले, तेव्हा त्या तान्ही मुले घेऊन आल्या आणि साक्षीदार स्त्रियांना त्यांनी पुष्पगुच्छ दिले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत हसे झाले ते समितीचे.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत करार झाला. वातावरणात, अंतराळात व पाण्याखाली चाचण्या करावयाच्या नाहीत, असे तिन्ही राष्ट्रांनी मान्य केले. हा केवळ पत्रांचा पराक्रम, असे आम्ही म्हणत नाही. क्यूबाच्या पेचप्रसंगाने दोन्ही राजधान्यांना घाम फुटला होता, आणि नेहरूंनी तर चाचण्या थांबविण्याची मागणी १९५४ च्या एप्रिलातच केली होती. जमिनीखालचे स्फोटही पुढे चालूच राहिले. पण केनेडींचे विज्ञान सल्लागार वीस्नर यांनी या स्त्रियांना श्रेय दिले आहे. पत्रांनी बॉम्ब थांबतात काय, या प्रश्नाचे उत्तर असे अर्धे 'होय' आहे. त्या अर्ध्या उत्तरामुळे कित्येक मुलांच्या हाडांत कमी विष गेले.

आता नियम. १९६४ च्या आचरण नियमांतील नववा नियम सरकारी धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास आणि परराष्ट्रांशी संबंध अडचणीत येतील असे लिहिण्यास मनाई करतो. तो आम्हांस बांधतो, आणि बांधलाच पाहिजे. परंतु अणुस्फोटानंतर दुधाचे काय होते, हे सांगणे म्हणजे कोणत्या धोरणावर टीका? ज्या सद्गृहस्थांनी हा नियम पुढे केला, तेच बदलीच्या धोरणावर त्याच सभेत अर्धा तास बोलले होते.

आणि पत्रांची किंमत आमच्यासारख्या आवक-जावक पाहणाऱ्यांनी तरी अशी करू नये. एकाच छापील मजकुराची पाचशे कार्डे आली तर त्यांचा गठ्ठा बांधून एक क्रमांक पडतो, हे आम्ही जाणतो. भ्रमणध्वनीवर बोटाने पुढे ढकललेले शांतिसंदेशही त्याच गठ्ठ्यातले. पण हाताने लिहिलेले, नाव-गावासह एखादी पडताळता येणारी गोष्ट सांगणारे पत्र आले, की त्यावर टिपण लिहावे लागते, कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. संपादकाच्या मेजावरही याहून वेगळे घडत असेल असे वाटत नाही.

त्या सभेत भगिनी मंडळातील एकीलाही कोणी विचारले नाही. त्या आत हळदीकुंकवाचा हिशेब करीत होत्या. इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडेच आहे, आणि आम्ही 'प्रस्ताव विचारार्थ ठेवण्यात आला' असे खोटे लिहिले आहे. पुढील सभेत ते वाक्य दुरुस्त करून घेण्याची परवानगी आम्ही मागणार आहोत. त्यानंतर मास्तरांनी प्रस्ताव पुन्हा वाचावा, आणि पहिले मत आतल्या खोलीतून घ्यावे.