पोटातले गळू हे प्रारब्ध नव्हे

‘लॅन्सेट’ने २०२३ साली फिनलंड व नॉर्वेतील सुमारे १,८०० प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपेंडिक्सच्या साध्या दाहात शस्त्रक्रिया ८ तासांत केली वा २४ तासांत, अपेंडिक्स फुटण्याचे प्रमाण जवळपास समानच राहिले : ८ आणि ९ टक्के. यावरून ‘अपेंडिक्सला घाई नको’ असा अर्थ काढणे हा विज्ञानाचा विपर्यास होय. त्या रुग्णांचे निदान झालेले होते आणि ते रुग्णालयाच्या देखरेखीखाली होते. खरा घातक विलंब निदानापूर्वीचा असतो.

नर्मदेकाठचे तिलवारा पाहा. जबलपूरचे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय तेथून काही किलोमीटरांवर आहे. अशा ठिकाणी तरी अंतराची सबब टिकत नाही. तथापि पोटदुखीला ‘गॅस’ ठरवून जुलाब वा वेदनाशामक गोळी घेणाऱ्याला रुग्णालय शेजारी असूनही उपयोग नाही.

अपेंडिक्सचे तोंड बंद झाले की आत दाब वाढतो, रक्तपुरवठा खुंटतो, भिंत कुजते आणि फुटते. मग आतड्याची वेटोळी व चरबीचा पडदा तो भाग वेढून टाकतात. आत पू साचून गळू होते. फुटल्यावर वेदना काही काळ ओसरते, आणि नेमकी तीच रुग्णाला फसवते. अपेंडिक्समधील खडा, बालपण, वार्धक्य, मधुमेह यांनी हा धोका वाढतो. बालकाला दुखणे सांगता येत नाही. वृद्धाची लक्षणे सौम्य असतात. अपेंडिक्स फुटल्यानंतर शस्त्रक्रिया झाली, तर त्यानंतरही पोटात पू होण्याची भीती अधिक. वय बदलता येत नाही, खडा आधी दिसत नाही. विलंब मात्र टाळता येतो.

विलंब गरिबाचाच दोष, हाही भ्रमच. सम्राट सातव्या एडवर्डने दुखणे अंगावर काढून राज्याभिषेकाचा हट्ट धरला. अखेर २४ जून १९०२ रोजी, समारंभाला दोन दिवस उरले असताना, फ्रेडरिक ट्रीव्ह्‌ज यांना त्याच्या अपेंडिक्सच्या गळवातील पू काढावा लागला. दिमतीला राजवैद्य असूनही हे घडले.

म्हणून दोष केवळ रुग्णाच्या अज्ञानावर ढकलून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या ओटीपोटात स्थिरावणारी वेदना, मळमळ, ताप ही लक्षणे प्रत्येक शाळेत शिकवली गेली पाहिजेत. अशा रुग्णाला प्राथमिक केंद्राने आणि औषधविक्रेत्यानेही गोळी न देता त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवले पाहिजे. परदेशी अभ्यासातील २४ तासांची सवलत ही त्यानंतरची गोष्ट आहे.