पाण्यावरचा दिवा आणि आवर्ती खर्चाचा रकाना

रायपूरच्या उत्तरेला, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगांव आहे. पोलाद गिरण्यांच्या आधाराने वाढलेली ही कामगारवस्ती. माझी धाकटी बहीण तेथे राहते. गेल्या जूनमध्ये मी तिच्याकडे असताना संध्याकाळी वादळ झाले आणि वीज गेली. वीज अतिरिक्त असलेले राज्य म्हणून छत्तीसगढची ख्याती आहे. पण तारेवर झाड पडल्यावर ती ख्याती खोलीत उजेड पाडत नाही.

दहावीतल्या भाच्याने तेवढ्यात एक वस्तू आणून समोर ठेवली. बर्फाच्या ट्रेचे पाच खण, प्रत्येकात जस्ताचा मुलामा दिलेला एक खिळा आणि तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, आणि टोकाला पांढरा एलईडी. त्याने खणांत पाणी ओतले. काहीच झाले नाही. मग चिमूटभर मीठ टाकले आणि दिवा लागला. प्रकाश बेताचाच होता, पण घड्याळातली वेळ दिसत होती. भाचा म्हणाला, "मामा, बघा, पाण्यावर चालतो. फुकट!"

अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला 'फुकट' हा शब्द ऐकला की अस्वस्थ वाटते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे हिशेब मांडायला बसलो.

या दिव्यात पाणी हे इंधन नाही. इंधन आहे जस्त. मिठाच्या पाण्यात जस्त हळूहळू विरघळते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात आणि वाटेत दिवा पेटवतात. १८०० साली व्होल्टाने याच तत्त्वावर, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यांची चळत रचून, जगातली पहिली बॅटरी तयार केली. पाणी फक्त दार उघडते. आत धनधान्य असेल तरच बाहेर येते. एका जोडीतून प्रत्यक्षात पाऊण व्होल्टच्या आसपास दाब मिळतो आणि पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. म्हणून चार-पाच खण एकापुढे एक जोडावे लागतात. त्यातही दोन खणांमधला काठ ओला राहिला तर वीज तेथूनच पळते आणि दिवा मंदावतो.

आता खर्च. एक ग्रॅम जस्तापासून, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, ८२० मिलिअँपिअर-तासांपेक्षा अधिक वीज मिळत नाही. पाच खणांतून तीन व्होल्ट घ्यायचे तर एका युनिटसाठी किमान दोन किलो जस्त खर्ची पडते. किलोला अडीचशे रुपयांच्या वर भाव धरला तरी युनिट पाचशे रुपयांच्या पुढे जाते. घरगुती जोडणीचे युनिट याच्या पन्नासाव्या भागातही मिळते. शिवाय ते दोन किलो जस्त विद्युतविच्छेदनाने तयार करताना कारखान्यात सहा युनिटांहून अधिक वीज लागलेली असते. म्हणजे सहा युनिटे घालून एक मिळवणे झाले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो हाच.

मग ही वस्तू निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. तुलना कशाशी करायची, हा खरा प्रश्न आहे. बाजारातल्या दहा-पंधरा रुपयांच्या साध्या पेन्सिल सेलमधून सुमारे एक वॉट-तास ऊर्जा मिळते. म्हणजे युनिटला दहा हजार रुपये किंवा अधिक. तरीही आपण तो सेल आनंदाने विकत घेतो, कारण तेथे आपण युनिट विकत घेत नसतो. हवे त्या वेळी, हवे त्या जागी उजेड विकत घेत असतो. पाण्याने जागृत होणाऱ्या बॅटरीचा आणखी एक गुण आहे. कोरडी ठेवली तर ती वर्षानुवर्षे पडून राहते, झिजत नाही. विमानातल्या आणि जहाजावरच्या लाइफ जॅकेटचा दिवा याचसाठी पाण्यात पडल्यावर आपोआप लागतो. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो किमान आठ तास जळावा लागतो. हवामानाच्या फुग्यांत आणि नौदलाच्या पाणतीरांतही मॅग्नेशियमच्या अशा बॅटऱ्या वापरल्या गेल्या. या सर्व ठिकाणी कोणी युनिटचा भाव विचारत नाही. हा विमा आहे, पुरवठा नव्हे.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी 'सागर अन्वेषिका' या संशोधन जहाजावर 'रोशनी' नावाच्या खाऱ्या पाण्यावरच्या कंदिलाचे अनावरण केले. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तो विकसित केला. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी तो आहेच, पण साध्या पाण्यात मीठ घालून तो समुद्रापासून दूरही वापरता येईल, असे तेव्हा सांगण्यात आले. संशोधन स्वागतार्ह आहे. आपत्तीच्या काळात असा कंदील मोलाचा ठरेल. परंतु अशी वस्तू सरकारी योजनेत शिरते तेव्हा काही प्रश्न विचारले जायला हवेत. पट्ट्या किती तासांनी बदलायच्या? नवी पट्टी केवढ्याला आणि कोणत्या दुकानात मिळेल? झिजलेली पट्टी आणि गढूळ पाणी टाकायचे कोठे?

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. स्वतः चुकलो होतो म्हणून लिहितो. सुमारे वीस वर्षांपूर्वी दुर्गम पाड्यांना कंदील वाटण्याचा एक प्रस्ताव माझ्या टेबलावर आला होता. आवर्ती खर्चाचा रकाना जवळजवळ रिकामा होता. वर्ष संपत आलेले, तरतूद परत जाण्याची भीती. मी टिपणीत लिहिले, 'आवर्ती खर्च नगण्य', आणि सही केली. चार वर्षांनी दौऱ्यावर त्यांपैकी एका पाड्यावर गेलो. बॅटऱ्या संपलेल्या होत्या, बदलून मिळण्याची सोय नव्हती. एका घरात कंदिलाच्या काचेत मीठ भरून ठेवले होते. घरातल्या वृद्ध बाईंनी मला चहा दिला, तक्रार केली नाही. कंदील कोणी पाठवले होते, हे मी त्यांना सांगितले नाही. अहवालात मात्र ते पाडे शंभर टक्के 'लाभान्वित' होते, आणि माझी सही नियमानुसार अचूक होती.

आपली प्रशासकीय गणना वस्तू मोजते, सेवा मोजत नाही. २००४ च्या व्याख्येप्रमाणे गावातील दहा टक्के घरांना आणि शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक जागांना वीज पोहोचली की गाव विद्युतीकृत ठरत असे. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग गावापर्यंत वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. हे यश लहान नाही. घरोघरी जोडणीसाठी २०१७ मध्ये 'सौभाग्य' योजनाही आली. पण बीरगांवात तारा आहेत, मीटर आहेत, आणि भाड्याच्या खोलीतला कामगार घरमालक सांगेल त्या दराने युनिटचे पैसे देतो. गणनेत तो केव्हाच उजळलेला आहे. त्याला चमत्काराचा दिवा नको आहे. स्वतःच्या नावाचे मीटर आणि वादळानंतर लवकर येणारा लाइनमन हवा आहे.

माझ्या मते तीन गोष्टी करता येतील. पहिली, वाटपाच्या प्रत्येक प्रस्तावात वस्तूच्या किमतीबरोबर पाच वर्षांच्या उजेडाची किंमत लिहिणे सक्तीचे करावे. दुसरी, पाण्याने जागृत होणारे दिवे पूरप्रवण गावांच्या, नावाड्यांच्या आणि बचाव पथकांच्या साहित्यात ठेवावेत. कायम विजेचा पर्याय म्हणून कोणाच्याही हाती देऊ नयेत. तिसरी, प्रत्येक माध्यमिक शाळेत हा बर्फाच्या ट्रेचा प्रयोग व्हावा आणि त्यासोबत खर्चाचा तक्ताही मुलांनीच करावा. विज्ञान आणि अर्थशास्त्र एकाच वहीत शिकवण्याची अशी स्वस्त संधी दुसरी नाही.

चौथ्या दिवशी भाच्याचा दिवा विझला. खिळ्यांवरचा मुलामा संपून आतले लोखंड उघडे पडले होते आणि खणांत पांढरा गाळ साचला होता. त्याने थोडा वेळ विचार केला आणि वहीत नोंद केली: 'खिळे पाच, दर चार दिवसांनी.' माझ्या टिपणीत वीस वर्षांपूर्वी नेमकी हीच ओळ राहून गेली होती.