खेळ मोबाइलचा, हात माणसाचा

आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज कळवा-मुंब्र्यापासून टिटवाळा-अंबरनाथपर्यंत विखुरलेले आहेत. वसतिगृहाच्या ओसरीवर पाढे म्हणणारी ती मुले आता स्वतः पालक झाली आहेत. मेळाव्याला ती येतात तेव्हा नोकरी, घराचे हप्ते, मुलांचे प्रवेश असे विषय निघतात. अलीकडे त्यांत आणखी एका विषयाची भर पडली आहे. तो बहुधा मंडळी पांगल्यावर, हलक्या आवाजात निघतो. मूल तीन-चार वर्षांचे झाले, पण हाक मारली तर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, बोलत नाही. डॉक्टरांनी ‘ऑटिझम’ म्हणजे स्वमग्नता सांगितली आहे. मोबाइल हाती दिला की मात्र ते तासन्‌तास रमते. मोबाइलवरील खेळांनी अशी मुले सुधारतात असे कोणीतरी सांगितले आहे. हे खरे आहे काय?

हा प्रश्न हलक्या आवाजात विचारावा लागू नये, म्हणून त्याची जाहीर चर्चा या स्मरणिकेतून करणे आम्हांस योग्य वाटते. आमचे मत थोडक्यात असे की, मोबाइलवरचा खेळ हे स्वमग्न मुलाला शिकवण्याचे एक साधन होऊ शकते. परंतु जाणत्या माणसाच्या हाताविना ते साधन निष्फळ ठरते, आणि माणसाच्या जागी बसवले तर ते अन्यायाचे साधन होते.

प्रथम स्वमग्नतेविषयी. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन केले. मेंदूच्या जडणघडणीतच असलेले हे वेगळेपण आहे. इतरांशी संवाद साधणे, त्यांच्या चेहऱ्यावरील भाव ओळखणे, ठरलेल्या क्रमात बदल झाला तर तो सोसणे या गोष्टी अशा मुलांना जड जातात. आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा काहींना विलक्षण त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. चाळीस मुलांचा एक वर्ग धरला, तर साधारण तीन वर्गांमागे एक मूल. म्हणजे हा प्रश्न दूरच्या कोणाचा नाही, तो प्रत्येक शाळेच्या पटावरचा आहे.

तरीही आपल्या वस्त्यांत असे मूल अजून लपवले जाते. कोणी आईला दोष देतो, कोणी मागल्या जन्मीचे पाप काढतो, कोणी गंडादोरा सुचवतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागल्या जन्मीच्या कर्माचे ओझे या जन्मीच्या माणसावर लादणारी कल्पना नाकारली. तो ग्रंथ घरोघरी असताना एखाद्या बालकाच्या अवस्थेला पूर्वकर्माचे फळ म्हणणे आपल्याला शोभत नाही. कारण शोधणे विज्ञानाचे काम आहे. मुलाला शिकवणे आपले.

आता खेळाकडे वळू. वर्तनोपचाराची रीत शिक्षकांना अपरिचित वाटू नये. मोठे काम लहान पायऱ्यांत तोडायचे. दात घासणे म्हणजे ब्रश उचलणे, पेस्ट लावणे, घासणे, चूळ भरणे. एकेक पायरी हाताला धरून करून घ्यायची. जमली की लगेच कौतुक करायचे, आणि आपला आधार हळूहळू काढून घ्यायचा. अखेरीस एका ठिकाणी शिकलेले मूल दुसऱ्या ठिकाणी वापरते की नाही हे पाहायचे. शेवटची पायरी सर्वांत कठीण असते.

चांगला खेळ यांतील पहिल्या काही पायऱ्या उत्तम सांभाळतो. तो तीच सूचना शंभर वेळा त्याच आवाजात देतो, कंटाळत नाही, रागावत नाही. बरोबर उत्तराला तत्क्षणी दाद देतो. पुढे काय होणार याची खात्री असल्यामुळे स्वमग्न मुलाला त्यात सुरक्षित वाटते. पडद्यावरच्या जगात गर्दी नाही, अनपेक्षित स्पर्श नाही. मूल मोबाइलकडे का ओढले जाते, याचे उत्तर बरेचसे यातच आहे.

पण शेवटच्या पायरीचे काय? येथे संशोधन आपल्याला सावध करते. केंब्रिज विद्यापीठातील सायमन बॅरन-कोहेन यांच्या चमूने ‘द ट्रान्सपोर्टर्स’ नावाची १५ भागांची चलच्चित्रमालिका तयार केली. तीत आगगाडी, ट्राम अशा वाहनांना खऱ्या माणसांचे चेहरे होते, कारण अनेक स्वमग्न मुलांना वाहनांचे वेड असते. ४ ते ७ वर्षांच्या मुलांनी ती चार आठवडे रोज पाहिल्यावर भावना ओळखण्यात त्यांची स्पष्ट प्रगती दिसली, असा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. उलट एडिनबरा येथील संशोधकांनी सहा वर्षांखालील ५४ स्वमग्न मुलांवर आयपॅडवरील एका खेळाची चाचणी घेतली. मुलांना तो आवडला, ती मन लावून खेळली. परंतु आईवडिलांबरोबरच्या प्रत्यक्ष खेळातील त्यांच्या संवादात फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०१६ सालचा. पडद्यावर जिंकलेले घरात आपोआप उतरत नाही, एवढा बोध यातून घ्यावा.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये एका व्हिडिओ खेळाला उपचार म्हणून मान्यता दिली, ही बातमी खरी आहे. परंतु ‘एंडेव्हर-आरएक्स’ हा तो खेळ तेव्हा ८ ते १२ वर्षांच्या अवधान-न्यूनता असलेल्या मुलांसाठी, इतर उपचारांच्या जोडीने वापरायचा होता. स्वमग्नतेसाठी ती मान्यता नव्हती. या बातमीच्या आधारे कोणी ‘ऑटिझम बरा करणारा गेम’ विकू लागला, तर त्याच्यापासून दूर राहावे.

बौद्ध परंपरेत चूळपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला थांबवले, एक स्वच्छ पांढरे वस्त्र हाती दिले आणि ते चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्या मळणाऱ्या वस्त्राकडे पाहता पाहता अनित्यतेचा जो अर्थ गाथेतून कळला नव्हता तो चूळपंथकाला कळला. शिक्षकाने या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात. विद्यार्थ्याला शिकता येत नसेल तर साधन बदलावे, विद्यार्थी हाकलू नये. आणि ते वस्त्र बाजारात कोठेही मिळाले असते; ते कोणाला, केव्हा आणि कशासाठी द्यायचे हे जाणणारे बुद्ध तेथे होते म्हणून ते फळाला आले. आजचा मोबाइल म्हणजे असेच एक वस्त्र आहे.

जाणता माणूस आमच्या भागात सहज मिळतो काय? ठाणे महानगरपालिकेची ‘जिद्द’ ही विशेष मुलांची शाळा आहे, डोंबिवली-कल्याणातही तळमळीने काम करणाऱ्या संस्था आहेत. पण गरज त्यांच्या आवाक्यापेक्षा मोठी आहे. खासगी उपचारकाच्या एका सत्राला शेकडो रुपये पडतात आणि आठवड्यातून अनेक सत्रे लागतात. सत्रासाठी आईला सकाळच्या गर्दीत, कानठळ्या बसवणाऱ्या फलाटावरून, आवाजाला घाबरणारे मूल घेऊन लोकलने जावे लागते. वडिलांचा रोज बुडतो. काही महिन्यांनी सत्रे सुटतात आणि घरात फक्त मोबाइल उरतो.

खरा धोका येथे आहे. सधन घरातील मुलाला माणूस शिकवील आणि गरिबाच्या मुलाला ॲप, अशी विभागणी नकळत होऊ लागली आहे. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बोलताना बाबासाहेबांनी शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे असा आग्रह धरला होता. आवाक्यात आणणे म्हणजे हलक्या प्रतीचे देणे, असा त्याचा अर्थ कोणी करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या बालकाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात उपचारसत्रांच्या खर्चाचीही तरतूद आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. हे हक्क मागून घ्यावे लागतात, ही आपली जुनीच कहाणी. मोफत डाउनलोड होणारा खेळ हा त्या हक्कांचा मोबदला मानून आपण गप्प बसता कामा नये.

तोवर घरातील मोबाइलचे काय करावे? पालकांनी काही पथ्ये पाळावीत. दोन वर्षांखालील मुलाला पडदा देऊ नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक देऊ नये, तोही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे आहे. जेवताना किंवा मुलाला गप्प बसवण्यासाठी मोबाइल देणे आणि शिकवण्यासाठी देणे, यांची सरमिसळ करू नये. खेळ उपचारक वा विशेष शिक्षकाला विचारून निवडावा. एका वेळी एकच कौशल्य शिकवणारा, जाहिराती नसलेला. खेळताना इंटरनेट बंद ठेवावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत, आणि संपण्याची खूण मुलाला आधीच चित्राने दाखवावी, म्हणजे मोबाइल काढून घेताना आकांत होणार नाही. शेजारी बसावे, एक डाव त्याचा, एक डाव आपला.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य असे की, पडद्यावर शिकवलेले त्याच दिवशी हाताने करून घ्यावे. खेळात आकारांची वर्गवारी केली असेल तर ओट्यावर वाट्या आणि चमचे वेगळे लावू द्यावेत. विकतच्या खेळाहून घरचा खेळ पुष्कळदा सरस ठरतो. डोंबिवली स्थानकाचे फोटो घ्यावेत: तिकीटखिडकी, जिना, फलाट, येणारी गाडी, डब्याचे दार. ते मोबाइलवर क्रमाने लावण्याचा खेळ मुलाबरोबर खेळावा, गाडीचा आवाज आधी हळू ऐकवावा, आणि मग रविवारी दुपारी, गर्दी नसताना, तोच क्रम प्रत्यक्ष पायांनी चालावा. वहीत नोंद करावी ती खेळात मिळालेल्या गुणांची नव्हे, तर मोबाइल बाजूला असताना मुलाने काय केले त्याची. न बोलणाऱ्या मुलासाठी पवईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप आहे. तो खेळ नाही. चित्रावर बोट ठेवून आपली इच्छा मराठीतूनही सांगण्याची ती सोय आहे. ज्याला ‘पाणी हवे’, ‘नको’ एवढे सांगता येऊ लागते, त्याचा निम्मा राग तेथेच शमतो.

उरते ते आपल्या सर्वांचे काम. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात वसतिगृह सुरू केले, ते इतर दारे बंद असलेल्या मुलांसाठी. आपले विद्यालय त्याच वाटेवरचे आहे. आज ज्यांच्यासाठी शाळेची दारे बंद असतात त्यांत स्वमग्न मूल आहे. म्हणून आमची सूचना अशी की, विद्यालयाने निदान एका शिक्षकाला विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण द्यावे आणि एक शांत खोली राखून ठेवावी. ठाणे-कल्याण परिसरातील माजी विद्यार्थ्यांनी वर्गणीतून एका विशेष शिक्षकाचे मानधन उचलावे. त्याने रविवारी वस्तीतील विहारात बसून पालकांना शिकवावे. विहारात जागा आहे, रविवारी वंदनेला लोक जमतातच. आणि सर्वांनी मिळून कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर व कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय येथील बालविकासाच्या सेवा वाढवाव्यात, अशी लेखी मागणी दोन्ही महानगरपालिकांकडे करावी.

‘शिका’ हा आदेश आपल्याला मिळाला तेव्हा त्यातून कोणतेही मूल वगळलेले नव्हते. जे मूल बोलत नाही, त्याच्यासाठीही तो आदेश आहे. त्याच्या हाती खेळ जरूर द्यावा. पण दुसरा हात आपण धरून ठेवावा.