अंकांत सांठविलेला इतिहास

चिनी भाषा शिकूं लागणारास प्रथम अंक घोकावे लागतात. ते नीट मुखोद्गत झाले, कीं त्या देशाच्या अर्वाचीन इतिहासांतील कांहीं प्रकरणेंही आपोआप उघडतात. कारण तेथें मोठ्या घटनांस पुष्कळदां स्थळाचें वा व्यक्तीचें नांव न देतां नुसता महिना व तारीख देतात. आपण ‘बेचाळीसची चळवळ’ म्हणतों तेव्हां निदान वर्ष तरी सांगतों. चिनी मनुष्य तेंही गृहीत धरतो!

‘वू’ म्हणजे पांच, ‘स’ म्हणजे चार. ‘वू-स’ म्हणजे ४ मे. १९१९ सालीं त्या दिवशीं पेकिंगांत सुमारें ३,००० विद्यार्थी तिएनआनमेन दरवाजासमोर जमले. महायुद्धांत चीन दोस्तांच्या बाजूस असतांही शांटुंग प्रांतांतील जर्मनीचे हक्क जपानच्या पदरांत टाकण्याचें व्हर्साय येथें ठरलें होतें. चिनी प्रतिनिधींनीं अखेर त्या तहावर सही केली नाहीं. भाषेच्या अभ्यासकास मात्र ‘वू-स’चें महत्त्व निराळेंच आहे. पंडितांची ग्रांथिक भाषा सोडून बोलीभाषेंत लिहावें, असें हू शी यांनीं १९१७ सालीं प्रतिपादिलें होतें. दुसऱ्याच वर्षीं लू शुन यांची त्या भाषेंतील कथा प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांच्या चळवळीनें या मताचा झपाट्यानें प्रसार केला व १९२० सालीं प्राथमिक शाळांच्या आरंभींच्या इयत्तांत बोलीभाषा शिकविण्याचा सरकारी हुकूम निघाला. आज आपल्या हातीं पडणारें क्रमिक पुस्तक या भांडणाचेंच अपत्य होय.

‘ज्यू-यी-बा’ म्हणजे नऊ-एक-आठ: १८ सप्टेंबर १९३१, जपानी सैन्यानें मुक्देनवर केलेला हल्ला. येथें ‘अठरा’ न म्हणतां ‘एक-आठ’ म्हणतात, हें ध्यानांत ठेवावें. ‘छी-छी’ म्हणजे सात-सात: ७ जुलै १९३७. पेकिंगजवळील मार्को पोलो पुलापाशीं झडलेल्या त्या चकमकींतून सर्वंकष युद्ध पेटलें.

त्याच युद्धांतील जखमींच्या शुश्रूषेसाठीं १९३८ सालीं हिंदुस्थानांतून पांच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते तेथें चिनी भाषा शिकले, को छिंगलान या परिचारिकेशीं विवाहबद्ध झाले, व ‘को दी-ह्वा’ या चिनी नांवानें ओळखले जाऊं लागले. ‘ह्वा’ म्हणजे चीन. १९४२ सालीं पुत्र झाला, त्याचें नांव ठेविलें ‘यिन-ह्वा’. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत डॉक्टर निवर्तले, तेव्हां मूल अवघें कांहीं महिन्यांचें होतें.